शिकत राहण्याचे उद्दिष्ट
(दंतवैद्यकीय व्यावसायिकांच्या एका जिल्हा मेळाव्यात केलेले भाषण)



दातांच्या विषयावर दंतवैद्यांपुढे बोलण्याचा अधिकार मला नाही, हे प्रारंभीच कबूल करतो. मी कला शाखेचा पदवीधर. माझी नोकरी माहिती खात्यातील. दंतवैद्यकाचा माझा अनुभव आपल्या खुर्चीत मुठी आवळून बसण्यापलीकडचा नाही. तरीही “विशेषज्ञ दंतवैद्याने आपल्या व्यावसायिक वाढीची उद्दिष्टे कशी ठरवावीत” या विषयावर चार शब्द बोलावेत, असा संयोजकांचा आग्रह पडला. या विषयातील एक शब्द मात्र माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. तो म्हणजे ‘उद्दिष्ट’.

शासकीय प्रगती अहवालात दोन रकाने हमखास असतात. एक उद्दिष्टाचा, दुसरा साध्याचा. गेली वीस वर्षे मी असे अहवाल वाचून त्यांवर बातम्या व लेख लिहीत आलो आहे. त्यातून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. जे मोजण्यास सोपे असते, तेच बहुधा उद्दिष्ट म्हणून लिहिले जाते. आणि जे साधावयाचे असते, ते कित्येकदा दोन्ही रकान्यांच्या बाहेर राहते. ही गोष्ट खाजगी व्यवसायालाही लागू पडते, असे मला वाटते.

वाढ व्यवसायाची आणि व्यावसायिकाची

आपल्या देशात दंतवैद्यकाच्या शिक्षणाने मोठी मजल मारली आहे. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यास देशातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय सुरू केले. १९४८ साली दंतवैद्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. २०२३ साली त्याची जागा घेण्यासाठी राष्ट्रीय दंतवैद्यक आयोगाचा कायदा संसदेने संमत केला. आज पदव्युत्तर शिक्षणाच्या नऊ शाखा आहेत. मुळांवरील उपचार, हिरड्यांचे विकार, कृत्रिम दात, वेड्यावाकड्या दातांची सुधारणा, मुखशस्त्रक्रिया, बालकांचे दात अशा निरनिराळ्या शाखांचे तज्ज्ञ आता जिल्ह्याच्या ठिकाणीच नव्हे, तर तालुक्याच्या गावीही व्यवसाय करू लागले आहेत. पदवीनंतरही शिक्षण चालू राहावे म्हणून परिसंवाद आणि अभ्यासवर्ग यांच्या उपस्थितीला गुणांक देण्याची पद्धतही घालण्यात आली आहे.

हे सर्व आवश्यक आहे. परंतु आपण स्वतःला एक प्रश्न विचारावा. वर्षारंभी आपण वहीत काय लिहितो? नवे क्ष-किरण यंत्र, दुसरी खुर्ची, दोन अभ्यासवर्ग, रुग्णसंख्येत काही वाढ, असेच ना? ही उद्दिष्टे वाईट मुळीच नाहीत. त्यांनी व्यवसाय वाढतो. पण व्यावसायिक वाढतो काय? यंत्र विकत घेता येते आणि गुणांकही मिळविता येतात. परंतु दहा वर्षांपूर्वी जे दिसत नव्हते ते आज दिसू लागले, ही खरी वाढ. आणि ती विकत मिळत नाही.

याचे एक उदाहरण मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे. ते दूर अमेरिकेतील आणि शंभर वर्षांपूर्वीचे आहे. मात्र त्याचा शेवट आपल्या महाराष्ट्रातील काही गावांच्या पाणवठ्यापाशी येऊन पोहोचतो.

कोलोरॅडोचे तपकिरी दात

१९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा एक तरुण दंतवैद्य शिक्षण संपवून कोलोरॅडो राज्यातील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या डोंगराळ गावी व्यवसायासाठी आला. तेथील रहिवाशांच्या दातांवर त्याला चमत्कारिक तपकिरी डाग दिसले. काहींचे दात तर चॉकलेटच्या रंगाचे झाले होते. त्याने पुस्तके चाळली. त्यांत या विकाराचा उल्लेख नव्हता. गावातील लोकांना विचारले, तेव्हा कोणी डुकराच्या मांसाला दोष दिला, कोणी निकृष्ट दुधाला, तर कोणी पाण्यातील चुन्याला. तेथील इतर दंतवैद्यांना मात्र त्यात विशेष काही वाटत नव्हते. जे दररोज दृष्टीस पडते, त्याविषयी प्रश्न पडेनासा होतो.

मॅकेने मध्यंतरी सेंट लुईस येथे जाऊन वेडेवाकडे दात सरळ करण्याच्या शाखेत काम केले आणि १९०८ साली तो परतला. आता तो एका शाखेचा तज्ज्ञ होता. आपल्या शाखेपुरते पाहून तो सुखाने व्यवसाय करू शकला असता. दातांवरील डाग हा काही त्याच्या शाखेचा विषय नव्हता. पण परत येताच त्याने तोच जुना प्रश्न हाती घेतला. हे डाग कशाने पडतात?

आपल्याला एकट्याला हे उकलणार नाही, हेही त्याने ओळखले. त्या काळी शिकागो येथील डॉ. ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक हे दंतवैद्यकातील सर्वांत मोठे नाव होते. ब्लॅक यांचे स्वतःचे औपचारिक शिक्षण थोडकेच होते. एका दंतवैद्याच्या हाताखाली काही महिने उमेदवारी करून त्यांनी आरंभ केला आणि पुढील सारे ज्ञान स्वतःच्या कष्टाने मिळविले. व्यावसायिकाने जन्मभर विद्यार्थी राहिले पाहिजे, त्याखेरीज दुसरे काही होण्याचा त्याला हक्क नाही, असे ते म्हणत. मॅकेने त्यांच्याशी पत्रव्यवहार केला आणि १९०९ साली सत्तरी ओलांडलेले ब्लॅक स्वतः कोलोरॅडोस आले. त्या वर्षी शाळांतून मुलांची पाहणी झाली. त्याच गावात जन्मलेल्या मुलांपैकी जवळजवळ नव्वद टक्के मुलांच्या दातांवर डागांची लक्षणे आढळली.

पुढे सहा वर्षे, म्हणजे १९१५ साली निधन होईपर्यंत, ब्लॅक यांनी या कामात लक्ष घातले. दोघांच्या अभ्यासातून दोन गोष्टी निश्चित झाल्या. पहिली अशी की, हा डाग बाहेरून चढत नाही. हिरडीच्या आत दात तयार होत असतानाच त्याच्या वरच्या कठीण कवचात, म्हणजे इनॅमलमध्ये, दोष निर्माण होतो. म्हणून ज्यांचे कायमचे दात निर्दोष तयार झाले आहेत अशा प्रौढांना तेथे राहावयास येऊनही बाधा होत नसे. तेथे वाढणाऱ्या लहान मुलांना मात्र होत असे. दुसरी गोष्ट अनपेक्षित होती. हे डागाळलेले दात सहसा किडत नसत. त्याचा उलगडा तेव्हा झाला नाही. पण त्यांनी ती नोंद टाकून दिली नाही.

पाइपलाइन बंद करणारे गाव

मॅकेचा संशय पाण्यावर होता. परंतु पाण्याच्या तपासण्यांत काही सापडत नव्हते. १९२३ साली आयडाहो राज्यातील ओकली या छोट्या गावातील पालकांनी आपल्या मुलांच्या दातांवरील डागांची हकीकत त्याला सांगितली. पाच मैलांवरील गरम पाण्याच्या झऱ्यापासून गावाने सामुदायिक नळ आणला आणि त्यानंतर थोड्याच काळात डाग दिसू लागले, असे त्यांचे म्हणणे होते. मॅकेने पाणी तपासून घेतले. त्यात संशयास्पद असे काही निघाले नाही. तरीही त्याने गावच्या कारभाऱ्यांना सल्ला दिला की, ही पाइपलाइन सोडून द्या आणि जवळच्या दुसऱ्या झऱ्याचे पाणी घ्या.

ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी या ठिकाणी क्षणभर थांबून विचार करावा. खर्च करून आणलेला नळ बंद करावयाचा, तोही प्रयोगशाळेचा पुरावा हाती नसताना! ओकलीच्या लोकांनी तो निर्णय घेतला. काही वर्षांतच तेथील लहान मुलांना येणारे कायमचे दात स्वच्छ दिसू लागले. कारण अजून कळले नव्हते, पण उपाय लागू पडला होता.

त्यानंतर अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील डॉ. ग्रोव्हर केम्प यांच्यासह मॅके आर्कान्सा राज्यातील बॉक्साइट या गावी गेला. हे ॲल्युमिनियम कंपनीच्या मालकीचे गाव होते. तेथील मुलांचे दात डागाळलेले होते. पाचच मैलांवरच्या दुसऱ्या गावात मात्र डागांचा मागमूस नव्हता. पाण्याच्या तपासणीत याही वेळी काही सापडले नाही. पण या पाहणीचा अहवाल कंपनीचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल यांच्या वाचनात आला. ॲल्युमिनियमची भांडी विषारी असतात असा प्रवाद त्या वेळी पसरला होता, त्यामुळे ते अस्वस्थ झाले. त्यांनी नव्या वर्णपट पद्धतीने बॉक्साइटचे पाणी तपासून घेतले. त्यात फ्लोराइडचे प्रमाण फार मोठे निघाले. जानेवारी १९३१ मध्ये त्यांनी मॅकेला पत्र लिहून इतर गावांच्या पाण्याचे नमुने मागविले. ते नमुनेही फ्लोराइडयुक्त निघाले. १९०१ मध्ये पडलेल्या प्रश्नाचे उत्तर १९३१ मध्ये मिळाले.

आता ती टाकून न दिलेली नोंद उपयोगी पडली. शासकीय सेवेतील डॉ. ट्रेंडली डीन यांनी फ्लोराइडचे प्रमाण व दातांची स्थिती यांचा गावोगाव अभ्यास केला. एक लिटर पाण्यात एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असल्यास बहुसंख्य मुलांच्या दातांवर लक्षात येण्याजोगे डाग पडत नाहीत, असे त्यांना आढळले. डाग पडू न देता दातांची कीड रोखता येईल का, हा पुढचा प्रश्न त्यातूनच निघाला, आणि १९४५ साली मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स या शहराच्या पाण्यात ठराविक मात्रेत फ्लोराइड मिसळण्याचा पहिला प्रयोग सुरू झाला. त्यानंतर जन्मलेल्या मुलांमध्ये दातकिडीचे प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक घटल्याचे पुढे दिसून आले.

उद्दिष्टाची चार अंगे

या हकीकतीतून विशेषज्ञाने काय घ्यावे? प्रत्येकाने तीस वर्षांचे संशोधन करावे, असे मी म्हणत नाही. परंतु उद्दिष्ट कसे ठरवावे, याचा नमुना त्यात आहे.

पहिले, उद्दिष्ट प्रश्नाच्या रूपात असावे आणि तो प्रश्न आपल्या खुर्चीत बसणाऱ्या रुग्णांतून यावा. “या वर्षी दोन अभ्यासवर्ग करीन” ही इच्छा झाली. “मी मुळांवर उपचार केलेल्या दातांपैकी एक वर्षाने किती दात सुस्थितीत आहेत?” हा प्रश्न झाला. हिरड्यांच्या तज्ज्ञाने विचारावे की, माझ्या रुग्णांपैकी किती जणांना मधुमेह आहे आणि त्यांतील कितीजणांना तो असल्याचे ठाऊक आहे? मुखरोगांच्या तज्ज्ञाने विचारावे की, गुटखा किंवा सुपारीमुळे तोंड उघडेनासे झालेला रुग्ण माझ्याकडे कोणत्या टप्प्यावर येतो, आणि तो त्याआधी यावा म्हणून मला काय करता येईल? कोणता अभ्यासवर्ग निवडावा, कोणते यंत्र घ्यावे, हे मग त्या प्रश्नावरून ठरवावे.

दुसरे, नोंद. मॅकेने डाग पाहिले ते सर्वांनीच पाहिले होते. फरक इतकाच की, रुग्ण कोठे जन्मला, कोठे वाढला, कोणते पाणी प्याला, हे तो विचारीत गेला. वय, गाव आणि पिण्याच्या पाण्याचा स्रोत एवढे तीन रकाने नोंदवहीत वाढविण्यास खर्च येत नाही. जी नोंद आपल्या समजुतीत बसत नाही, ती तर अधिकच जपावी.

तिसरे, सोबत. शाखा जितकी अरुंद, तितकी दृष्टी आखूड होण्याचे भय अधिक. मॅकेला ब्लॅक यांच्यासारखा ज्येष्ठ लागला, आरोग्य सेवेतील डॉक्टर लागला आणि अखेर उत्तर एका रसायनशास्त्रज्ञाकडून आले. आपल्या उद्दिष्टात वर्षाकाठी एका ज्येष्ठाचा सल्ला आणि दुसऱ्या शाखेतील एकाशी चर्चा एवढे तरी लिहून ठेवावे.

चौथे, मुदत आणि फेरविचार. प्रश्न दीर्घ मुदतीचा असला तरी पाऊल तीन महिन्यांचे असावे. तीन महिन्यांनी वही उघडून काय कळले, काय कळले नाही आणि पुढचे पाऊल कोणते, हे तीन ओळींत लिहावे. “कळले नाही” ही ओळ लिहिण्यास संकोच वाटू नये. मॅकेच्या वहीत ती पुष्कळ वर्षे लिहिली गेली असेल.

माझ्या हातून राहिलेली नोंद

दुसऱ्यांना उपदेश करणे सोपे असते. म्हणून माझ्या हातून झालेली एक चूक येथे सांगतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी विदर्भातील एका खेड्यातील शाळेत दंततपासणी शिबिर होते. वृत्तांकनासाठी मी गेलो होतो. शेवटी छायाचित्र घेताना पुढच्या रांगेतील एक मुलगी तोंडावर हात धरून उभी राहिली. मी तिला म्हणालो, “बाळ, हात काढ आणि हस बरं.” तिने हात काढला नाही. तेव्हा मुख्याध्यापक हळूच म्हणाले, “साहेब, या गावात सगळ्याच मुलांचे दात असे आहेत. पाण्याचा दोष आहे म्हणतात.” मी मान डोलावली. इतक्या विद्यार्थ्यांची तपासणी झाली, इतक्या दंतमंजनांचे वाटप झाले, अशी बातमी पाठविली. ती छापून आली. शिबिराचे उद्दिष्ट शंभर टक्के साध्य झाले होते. मुख्याध्यापकांचे वाक्य मात्र कोठेच नोंदले गेले नाही. ना माझ्या बातमीत, ना तपासणीच्या तक्त्यात. त्या तक्त्यात किडलेल्या दातांसाठी रकाना होता, डागांसाठी नव्हता.

काही वर्षांनी त्या गावच्या हातपंपाचे पाणी तपासले गेले. फ्लोराइड मर्यादेबाहेर आढळले आणि पंप पिण्यासाठी बंद करण्यात आला. परंतु कायमचे दात आयुष्याच्या साधारणतः पहिल्या आठ वर्षांत आतल्या आत घडत असतात. शिबिराच्या वेळी जी मुले अंगणवाडीत होती, त्यांचे दात तोपर्यंत घडून गेले होते. त्या मुलांसाठी पंप वेळेवर बंद झाला नाही. ते वाक्य त्या दिवशी मी योग्य ठिकाणी पोहोचविले असते, तर काय झाले असते, हा प्रश्न माझ्या वहीत कायमचा राहिला आहे.

आपल्या जिल्ह्यांत

भारतात मानवी फ्लोराइडबाधेचे वर्णन १९३७ साली तत्कालीन मद्रास इलाख्यातील पाहणीतून प्रथम पुढे आले. आपल्या राज्यात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड आदी जिल्ह्यांतील काही गावांना ही बाधा आहे. उथळ विहिरीपेक्षा खोल विंधन विहिरीच्या पाण्यात खडकातून विरघळलेले फ्लोराइड पुष्कळदा अधिक असते. भारतीय मानकानुसार ते लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्याहून पुष्कळ अधिक फ्लोराइड दीर्घकाळ पोटात गेल्यास दातांवरच थांबत नाही. सांधे आणि हाडेही जखडतात. पाण्यातील फ्लोराइड तुरटी व चुना वापरून कमी करण्याची ‘नलगोंडा पद्धत’ नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, विकसित केली. फ्लोराइडबाधा प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८-०९ पासून सुरू झाला. जल जीवन मिशनमध्ये गावातील महिलांना क्षेत्रीय तपासणी संचाने पाणी तपासण्याचे शिक्षण देण्यात आले आहे.

म्हणजे साधने आहेत. उणीव आहे ती पाहणाऱ्या डोळ्याला पाणवठ्याशी जोडण्याची. वर्गातील मुलांच्या दातांवर पांढुरके अथवा तपकिरी पट्टे शिक्षकांना दिसतात. त्यांनी ते मुख्याध्यापकांमार्फत प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. पंचायत सदस्यांनी गावातील प्रत्येक पिण्याच्या स्रोताचा तपासणी अहवाल ग्रामसभेत वाचून दाखवावा. डाग फ्लोराइडचाच आहे की अन्य कशाचा, हा निर्णय तज्ज्ञाने करावा. कारण प्रत्येक डाग पाण्याचा नसतो. आणि तज्ज्ञाने एकाच गावाहून असे तीन-चार रुग्ण आले की, त्या गावाचे नाव आपल्या वहीत न ठेवता जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना लिहून कळवावे.

तज्ज्ञमित्रहो, व्यावसायिक वाढीचे उद्दिष्ट म्हणून आपल्याला दुसरे काही सुचले नाही, तर एवढे करून पाहा. उद्या सकाळी पहिला रुग्ण खुर्चीत बसला की, दात पाहण्यापूर्वी त्याला विचारा, “आपण कोणत्या गावचे? लहानपणी पाणी कुठले प्यालात?” उत्तर लिहून ठेवा. वर्षअखेर ती वही उघडा. आपल्या वाढीचा पुढचा प्रश्न बहुधा तिच्यातच सापडेल.